रात्री दोनचा फोन, सकाळचा मेमो

आलेलं पत्र:

"ताई, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली. जळगावातल्या एका साठ खाटांच्या खासगी हॉस्पिटलात दहा महिन्यांपासून स्टाफ नर्स आहे. नाइटला अख्ख्या मजल्यावर आम्ही दोघीच, डॉक्टर फोनवर. गेल्या आठवड्यात रात्री दोनला एका पेशंटचं पोटॅशियम कमी आलं म्हणून सरांना फोन केला. ते झोपेतच म्हणाले, 'केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडचं) एक ॲम्प्युल लावून टाक.' मी चालू सलाईनच्या बाटलीतच टाकलं. सकाळी राउंडला सर म्हणाले, असं कसं टाकलंस, मी असं सांगितलंच नव्हतं. पेशंटला काही झालं नाही, पण नातेवाइकांसमोर बोलले आणि दुपारी हातात मेमो. आता रात्री फोन करायला हात धजत नाही. सोडून द्यावंसं वाटतं, पण ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्याकडे आहेत आणि दोन वर्षांचा बॉण्ड आहे. घरचे म्हणतात, सरकारीच्या परीक्षा दे. काय करू?
— एक स्टाफ नर्स, जळगाव"

प्रिय सिस्टर,

आधी मेमोचं बघू, कारण त्याला मुदत असते. उत्तर दिलं नाहीस, तर मेमोत लिहिलेलं सगळं तुला कबूल आहे असंच पुढे धरलं जाईल. उत्तर एका पानाच्या आत, फक्त घडलेलं, वेळेसकट. कोणाचा स्वभाव कसा आहे, कोण झोपेत होतं, हे त्यात येऊ देऊ नकोस. तुझ्या बाजूने राहिलेली गोष्टही तूच लिही, म्हणजे बाकीच्या ओळींना वजन येतं. साधारण असं:

"दि. … रोजी रात्री २ वाजता बेड क्र. … यांचा पोटॅशियमचा रिपोर्ट कळवण्यासाठी मी डॉ. … यांना फोन केला. केसीएलचे एक ॲम्प्युल देण्याची तोंडी सूचना मिळाली. किती मिलीमध्ये व किती वेळात द्यायचे याबाबत सूचना मिळाली नाही आणि मीही विचारले नाही. चालू असलेल्या सलाईनमध्ये ॲम्प्युल मिसळले. रुग्णास त्रास झाल्याचे आढळले नाही. यापुढे फोनवरील ऑर्डर लिहून, परत वाचून दाखवून व दुसऱ्या सिस्टरला ऐकवूनच औषध देईन. रात्रीच्या फोन ऑर्डरवर सकाळी डॉक्टरांची सही मिळावी अशी व्यवस्था व्हावी, ही विनंती."

दोन प्रती काढ. एकीवर ऑफिसचा आवक शिक्का आणि तारीख घे, ती घरी ठेव. फोन तुझ्या मोबाइलवरून केला असेल तर त्या रात्रीच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जपून ठेव. पेशंटच्या फाइलचे फोटो मात्र काढू नकोस, ती त्यांची खासगी बाब आहे. आणि काही झालं तरी त्या रात्रीच्या नोट्समध्ये आता एक अक्षर वाढवायचं नाही. मागाहून घुसवलेली ओळ शाईवरून आणि जागेवरून लगेच ओळखू येते, आणि मग खऱ्या ओळींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. खरंच काही राहून गेलं असेल तर आजची तारीख-वेळ टाकून 'उशिराची नोंद' म्हणून वेगळं लिहायचं, तेही इनचार्ज सिस्टरला सांगून.

आता केसीएल. सर ओरडले म्हणून नव्हे, तर त्या रात्री नेमका धोका कुठे होता हे तुला कळायला हवं म्हणून सविस्तर सांगते.

आपल्याकडे मिळणारं नेहमीचं ॲम्प्युल १० मिलीचं, १५ टक्क्यांचं. त्यात १.५ ग्रॅम केसीएल, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. हे थेट शिरेत कधीही द्यायचं नाही, हृदय जागच्या जागी थांबू शकतं. एवढं नर्सिंगच्या शाळेत शिकवतात. चालू बाटलीत टाकण्याचा धोका मात्र फारसा कोणी सांगत नाही. केसीएलचं द्रावण सलाईनपेक्षा जड असतं. टांगलेल्या बाटलीत खालच्या बाजूने सुईने सोडलं की ते तिथेच, सेटच्या (सलाईनच्या नळीच्या) तोंडाशी बसतं. वरून बाटली भरलेली दिसते, पण पेशंटच्या शिरेत पहिली काही मिनिटं जवळजवळ शुद्ध केसीएल जात असतं. शिवाय बाटली अर्धी संपलेली असेल तर ५०० मिलीचा हिशेब २५० मिलीतच होतो आणि तीव्रता दुप्पट. तुझ्या पेशंटला काही झालं नाही, याचा अर्थ पद्धत बरोबर होती असा नाही.

बरोबर पद्धत अशी. नवीन ५०० मिली एनएस (साध्या सलाईनची बाटली) घ्यायची. डेक्स्ट्रोजमध्ये शक्यतो नको, कारण साखरेने इन्सुलिन वाढतं आणि आहे तेही पोटॅशियम पेशींच्या आत ओढलं जातं. बाटली खाली उतरवून, सेट न लावता, ॲम्प्युल आत सोडायचं आणि बाटली किमान दहा वेळा पूर्ण उलटी-सुलटी करायची. मग चिकटपट्टीवर औषध, मात्रा, पेशंटचं नाव, सुरू केल्याची वेळ आणि तुझी सही, आणि ती पट्टी बाटलीवर. प्लास्टिकवर थेट मार्करने लिहायचं नाही. ५०० मिलीत २० मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे लिटरला ४०. हातातल्या साध्या शिरेसाठी ही वरची मर्यादा समज. वेग नेहमीच्या वॉर्डात तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नको. त्याहून जास्त द्यायचं तर मॉनिटर, बहुतेकदा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आणि आयसीयू. हीच बाटली चार तासांत द्यायची ठरली तर तासाला १२५ मिली, म्हणजे तासाला ५ मिलिइक्विव्हॅलंट. पंप असेल तर पंपावरच. नसेल तर २० थेंबांच्या सेटने मिनिटाला ४२ थेंब. सेट किती थेंबांचा आहे ते त्याच्या पाकिटावर छापलेलं असतं, अंदाजाने धरू नकोस. मनगटाच्या मागच्या बारीक शिरेपेक्षा कोपराखालची चांगली शीर निवड. पेशंट 'हात जळतोय' म्हणाला तर आधी थांबव, शीर बघ, मग पुढचं.

आणि आधी लघवी, मग पोटॅशियम. हे आपल्या भागात फार लक्षात ठेवायला हवं. एप्रिल-मे महिन्यात यावल-रावेरच्या केळीच्या बागांतून किंवा शेतातून जुलाब-उलट्या आणि उन्हाने कोरडा पडलेला माणूस येतो. पारा ४५ च्या आसपास असतो, दिवसभर लघवी झालेली नसते, किडनीवर ताण आलेला असतो. अशा पेशंटला पोटॅशियम दिलं आणि ते बाहेर टाकायला किडनी तयार नसेल तर रक्तात ते साठत जातं. म्हणून तासाला किलोमागे निदान अर्धा मिली लघवी होतेय का आणि शेवटचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती, हे फोनच्या आधीच बघून ठेवायचं. मॉनिटरवर ईसीजीतल्या टी वेव्ह (ठोक्यामागच्या लाटा) टोकदार उंच व्हायला लागल्या, पल्स मंदावली, तर बाटली त्याच क्षणी बंद, डॉक्टरांना फोन आणि १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रॉलीवर काढून तयार.

आता मूळ प्रश्न, फोनचा. हात धजत नाही म्हणतेस ना, सगळ्यात जास्त काळजी मला त्याची वाटते. रात्री फोन टाळणारी सिस्टर चुकीचं ॲम्प्युल देणाऱ्या सिस्टरइतकीच पेशंटला धोक्याची ठरते, फक्त तिची चूक सकाळी उशिरा कळते. म्हणून फोन कमी करायचे नाहीत, फोन नीट करायचे.

अर्धे फोन संध्याकाळीच संपवता येतात. सर घरी निघायच्या आधी, साडेनऊ-दहाच्या सुमारास, फाइली हातात घेऊन प्रत्येक गंभीर पेशंटमागे एकच प्रश्न विचार: 'सर, रात्री कशाच्या वर किंवा खाली गेलं तर कळवू?' बीपी किती, शुगर किती, लघवी किती, ताप किती, आणि तापाला काय द्यायचं. ते ऑर्डर शीटवर त्यांच्याकडूनच लिहून घे. पोटॅशियमचा रिपोर्ट रात्री येणार हे माहीत असेल तर तेव्हाच विचार, 'तीनच्या खाली आलं तर?' जागा असलेला डॉक्टर पूर्ण ऑर्डर देतो. झोपेतून उठलेल्याकडून अर्धीच मिळते, आणि ती पूर्ण करून घेणं तुझ्या हातात असतं.

तरीही फोन करावा लागलाच, तर आधी तीन मिनिटं थांबून फाइल, चार्ट आणि पेन समोर घे. दुसऱ्या सिस्टरला जवळ बोलाव, स्पीकर लाव. आणि असं बोल:

"सर, तिसऱ्या मजल्यावरून सिस्टर बोलतेय. बेड ७, साठ वर्षांचे बाबा, वजन ५५ किलो, जुलाब-उलट्यांसाठी काल ॲडमिट. आत्ता पोटॅशियम २.९ आलंय. बीपी १०४/७०, पल्स ९६, मॉनिटरवर मधूनच एक्टोपिक (अवेळी पडणारा ठोका). रात्री आठपासून लघवी २४० मिली, सकाळचं क्रिएटिनिन १.१. पायात गोळे येतात म्हणताहेत. मला पोटॅशियमची ऑर्डर हवी आहे: किती मिलिइक्विव्हॅलंट, कशात, किती तासांत?"

एवढं अर्ध्या मिनिटात होतं. यात कोण आहे, पार्श्वभूमी काय, आत्ता काय दिसतंय आणि तुला काय हवंय, हे चारही आलं. 'सर, पोटॅशियम कमी आलंय' एवढंच म्हटलं की उत्तरही 'एक ॲम्प्युल लाव' एवढंच येतं.

ते सांगतील ते बोलता बोलता लिही आणि लिहिलेलं परत वाच: "केसीएल १० मिली, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट, नवीन ५०० एनएसमध्ये, चार तासांत, तासाला १२५ मिली. सकाळी सातला रिपीट पोटॅशियम. बरोबर, सर?" 'हो' ऐकू आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. आकडे सुटे सुटे बोल, 'फिफ्टीन, वन फाइव्ह', कारण फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखंच ऐकू येतं. पहिल्यांदा कोणी वैतागेल. आठ-दहा रात्रींत सवय होते, आणि चांगले डॉक्टर अशा सिस्टरचा फोन आला की निश्चिंत होतात.

अर्धवट सांगून फोन ठेवला तर? परत लावायचा. 'लाव गं तुझ्या अंदाजाने' असं म्हणाले तर तुझ्या अंदाजाने काहीही लावायचं नाही. केसीएल, इन्सुलिन, हेपॅरिन (रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध) यांसारख्या औषधांच्या बाबतीत अर्धी ऑर्डर म्हणजे ऑर्डरच नाही. आरएमओ (हॉस्पिटलातले निवासी डॉक्टर) असेल तर त्यांना, मग इनचार्ज सिस्टरला, मग दुसऱ्या कन्सल्टंटला, या क्रमाने वर जायचं आणि प्रत्येक फोनची वेळ लिहायची. जमलं तर डॉक्टरांना वॉर्डच्या मोबाइलवर दोन ओळींचा मेसेज टाकायला सांग. तोही ऑर्डर शीटवर उतरवायचा, मेसेज म्हणजे काही फाइल नव्हे.

मग नोट. 'डॉक्टरांना कळवले, सांगितल्याप्रमाणे औषध दिले' हे वाक्य आपल्याकडे फाइलीफाइलीत असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. कोणत्या डॉक्टरांना, कधी, काय कळवलं, ते काय म्हणाले? असं लिही:

"०२:०५ पोटॅशियम २.९ कळले. ०२:१० डॉ. … यांना फोन, बीपी, पल्स, लघवी, क्रिएटिनिन सांगितले. ऑर्डर: (वरची पूर्ण). परत वाचून दाखवली, होकार दिला. ऐकणार: सिस्टर …. ०२:२५ पंपावर सुरू. ०३:२५ हाताला जळजळ नाही, पल्स ९२, तासाभरात लघवी ४५ मिली."

चोवीस तासांची वेळ, ओळीमागे सही, मध्ये रिकामी जागा नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, वर सही. खोडरबर, व्हाइटनर काही नाही. पेशंट जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत घेतलंस तरी चालेल. आजी 'माले चक्कर यी ऱ्हायनी' म्हणाल्या तर तसंच लिही, मग पुढे तुझं निरीक्षण. अहिराणी कळणारी सिस्टर वॉर्डात असणं ही मोठी गोष्ट आहे, बाहेरून आलेल्या डॉक्टरांना निम्मी हिस्टरी तुमच्यामुळेच मिळते.

सकाळी राउंडला फाइल उघडून त्या पानावर कागदाची पट्टी लावून ठेव आणि सर पुढच्या बेडकडे वळायच्या आत, 'सर, रात्रीच्या ऑर्डरवर सही.' चोवीस तासांच्या आत सही, हा बहुतेक चांगल्या हॉस्पिटलांचा नियम असतो. सही झाली की 'मी सांगितलंच नव्हतं' हा विषयच उरत नाही, आणि तुझ्याकडून चुकीचं ऐकलं गेलं असेल तर तेही तिथल्या तिथे सापडतं.

केसीएलचं झालं, पण नाइटला तुला अडकवणारी औषधं आणखी आहेत. इन्सुलिनचं सांगतेच. वॉर्डातली नेहमीची व्हायल ४० युनिट प्रति मिलीची आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. एखादा पेशंट घरून १०० ची व्हायल घेऊन येतो, वॉर्डात लाल टोपणाची सिरिंज हाताशी असते, आणि १० च्या रेघेपर्यंत भरलं की आत २५ युनिट जातात, अडीचपट. पहाटे चारला घामाने भिजलेला, शुद्ध हरपलेला पेशंट यातूनच मिळतो. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळल्याशिवाय औषध भरायचं नाही. ऑर्डर उतरवताना नुसतं इंग्रजी 'यू' अक्षर नको, ते शून्य वाटतं आणि ४ चे ४० होतात. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिही. उघडलेली व्हायल बाहेर २८ दिवस चालते असं म्हणतात ते थंड खोलीसाठी. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात एसी नसलेल्या वॉर्डात ती फ्रिजमध्येच, २ ते ८ अंशांत, आणि वर उघडल्याची तारीख. फ्रीजरच्या कप्प्याला चिकटून नको, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं.

हेपॅरिनच्या पाच मिलीच्या दोन व्हायल येतात, एकीत मिलीला १,००० युनिट, दुसरीत ५,०००. दिसायला बहिणी-बहिणी. दोन्ही एकाच कप्प्यात ठेवू देऊ नकोस, एवढं पुरे.

कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधेचे पेशंट वाढतात. काही फवारताना अंगावर घेतलेले, काही प्यायलेले. ऑरगॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक गट) असेल तर त्यावर उतारा ॲट्रोपिन. ॲम्प्युल ०.६ मिलिग्रॅमचं. सुरुवातीला तीन ॲम्प्युल आणि फरक पडला नाही तर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट, अशी ऑर्डर असली तर ३, ६, १२, २४ म्हणजे ४५ ॲम्प्युल पहिल्या पंधरा मिनिटांतच लागू शकतात. म्हणून जुलै ते ऑक्टोबर नाइटला आल्या आल्या ॲट्रोपिनचा स्टॉक मोजायचा आणि कमी असेल तर मेडिकल बंद व्हायच्या आत मागवायचा. प्रत्येक डोसनंतर छातीतली घरघर, पल्स, बीपी, काखेतला घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या एका चार्टवर. छाती कोरडी झाली, पल्स आणि वरचं बीपी दोन्ही ८० च्या वर टिकलं की डॉक्टरांना कळवायचं, कारण आता मात्रा वाढवायची नसते. पेशंट बडबडायला लागला, अंग तापलं, पोटाचे आवाज बंद झाले, लघवी तुंबली, तर ॲट्रोपिन जास्त झालंय. अशा पेशंटचे कपडे काढताना आणि अंग धुताना ग्लोव्हज, आणि कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बंद. ते वॉर्डात राहिले तर तुम्हा दोघींचंही डोकं दुखतं.

आता कागदपत्रं. ओरिजिनल तपासायला मागणं समजू शकतं, ठेवून घेणं नाही. ती तुझी आहेत आणि हॉस्पिटलला त्यांवर अडकवून ठेवण्याचा हक्क नाही. भांडायला जाऊ नकोस, अर्ज दे. अर्जात एकेका कागदाचं नाव आणि नंबर: दहावी-बारावीच्या मार्कशीट, जीएनएमच्या सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, डिप्लोमा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. कारण खरं लिही: परीक्षेच्या पडताळणीसाठी आणि कौन्सिलच्या दर पाच वर्षांच्या नूतनीकरणासाठी मूळ कागद लागतात. सात दिवसांत द्यावेत, झेरॉक्स ठेवून घ्याव्यात. इथेही आवक शिक्का. सात दिवसांत मिळाले नाहीत तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. तरी नाही, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. वकिलाच्या एका नोटिशीवर बहुतेक कागद कपाटातून बाहेर येतात. कामगार आयुक्तांच्या ऑफिसातही तक्रार करता येते.

बॉण्डची प्रत तुझ्याकडे आहे का? नसेल तर तीही याच अर्जात माग. बॉण्ड मोडला तर त्यात लिहिलेली रक्कम पूर्ण द्यावीच लागते असा बहुतेक मुलींचा समज असतो. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ती रक्कम म्हणजे वरची मर्यादा. झालेल्या नुकसानीच्या मानाने वाजवी तेवढीच भरपाई मागता येते. म्हणून तुझ्यावर प्रशिक्षणाचा वेगळा खर्च काय केला, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. नोटिशीचा काळ मात्र पूर्ण भर, मध्येच गायब होऊ नकोस. त्याने तुझीच बाजू लंगडी होते. आणि कोरा चेक कोणालाही द्यायचा नाही.

पगाराचं तू लिहिलं नाहीस, तरी एक माहीत असू दे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनंतर नेमलेल्या समितीने खासगी नर्सच्या पगाराच्या शिफारशी केल्या. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही महिना २०,००० च्या खाली नको. ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी राज्य सरकारच्या त्याच दर्जाच्या नर्सपेक्षा पगार २५ टक्क्यांहून जास्त कमी नको. शिफारस आहे, सक्ती नाही. पण पगारवाढ मागताना हातात आकडा असलेला बरा.

सोडायचं की नाही? या महिन्यात नको, असं मला वाटतं, आणि कारण परीक्षेशी जोडलेलं आहे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरसाठी जी नॉर्सेट परीक्षा होते, तिला बीएस्सी नर्सिंगवाल्या मुलींना अनुभव लागत नाही. जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तुझे दहा महिने झालेत. म्हणून हे दहा महिने वाया जाणार नाहीत, याची आधी तजवीज कर. हॉस्पिटलचं नर्सिंग होम नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असतं, त्यावर नोंदलेल्या खाटा किती आहेत ते वाच. प्रत्यक्षात साठ खाटा मांडलेल्या असतात आणि नोंद त्याहून कमी खाटांची असते, असं होतं. नोंद ५० च्या खाली निघाली तर इथे थांबण्याचं मोठं कारणच संपलं. मग जळगाव, धुळे किंवा भुसावळात मोठं हॉस्पिटल बघ आणि तिथे मुलाखतीलाच तीन प्रश्न विचार: नोंदणीतल्या खाटा किती, नाइटला नर्समागे पेशंट किती, आणि फोन ऑर्डरवर डॉक्टर सही करतात का.

नोंद ठीक असेल तर दोन महिने वर लिहिल्याप्रमाणे काम करून बघ. सह्या मिळायला लागल्या, तर जागा राहण्यासारखी आहे. प्रत्येक वेळी टाळाटाळ झाली, सहीऐवजी ओरडाच मिळाला, तर नोटीस देऊन निघ. तिथे राहिलीस तर पुढचा मेमो याहून मोठा असेल.

परीक्षांचं घरचे म्हणतात ते बरोबर आहे, फक्त नोकरी सोडून क्लासला बसायची गरज नाही. नॉर्सेट प्रिलिम्स आणि मेन्स अशी दोन टप्प्यांत होते आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, म्हणून ठोकून देण्याची सवय आधीच मोड. एम्स आणि रेल्वे या दोन्हीकडे सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० आहे. रेल्वेत या पदाला नर्सिंग सुपरिंटेंडेंट म्हणतात, आणि आपल्या भुसावळला रेल्वेचं विभागीय हॉस्पिटल आहेच. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेला मूळ ३५,४००. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाल्यामुळे खान्देशात राहूनही ही वाट मोकळी आहे. नंदुरबारला जायला मुली कचरतात. पण धडगाव-अक्कलकुव्याकडून येणारे सिकलसेलचे पेशंट, कमी वजनाची बाळं, सर्पदंश असं काम तिथे एका वर्षात हाताखालून जातं, आणि ते पुढे कुठेही उपयोगी पडतं. रोज ड्युटी संपल्यावर त्या दिवशी वॉर्डात पाहिलेल्या एका आजारावरचे वीस-पंचवीस प्रश्न सोडव. औषधांची गणितं तर तू रोज करतेच आहेस.

अनुभवाचं प्रमाणपत्र निघताना मागशील तेव्हा ते लेटरहेडवर हवं. पद 'स्टाफ नर्स' असंच, पूर्णवेळ, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक आणि एकूण खाटा. खाटांचा आकडा राहिला तर पडताळणीत मुली तिथेच अडकतात. पगार बँकेतून घे, रोख नको. पासबुकातली दर महिन्याची नोंद हा त्या प्रमाणपत्राचा पुरावा असतो. हा मजकूर एका कागदावर टाइप करून आत्ताच ठेव आणि एचआरला तयार नमुना म्हणूनच दे.